प्रोसिजरच्या वेळी घाबरलेल्या पेशंटला नेमकं काय म्हणायचं?

नवखी_सिस्टर

नमस्कार मंडळी. नर्सिंग करून मी आत्ताच एंडोस्कोपी रूमला, म्हणजे नळी आत घालून तपासतात तिथे, लागलेय, कधीकधी एमआरआयलाही ड्युटी लागते. मशीन कळायला लागलंय, ट्रे लावता येतो, पण घाबरलेला पेशंट समोर आला की मला काही सुचत नाही. टेबलापर्यंत ठीक चालत येतात आणि नळी दिसली की माझा हात गच्च धरतात, कोणी रडतं, कोणी सरळ उठून बसतं. मग आम्ही सगळे एकदम सुरू होतो, घाबरू नका, काही होत नाही, दोन मिनिटांचं काम आहे, अंग सैल सोडा, अहो सैल सोडा, आणि त्याने पेशंट आणखीनच आखडतो हे मला डोळ्यांनी दिसतं. बाहेर रांग असते, डॉक्टरांना घाई असते, तेव्हा तासभर समुपदेशन वगैरे शक्य नाही हे धरूनच सांगा. एक-दोन मिनिटांत खरंच उपयोगी पडेल असं काय बोलायचं, काय करायचं? आणि सुई बघूनच ज्यांना चक्कर येते त्यांचं काय करायचं? ज्यांनी अशा तपासण्या करून घेतल्यात त्यांनीही सांगा, टेबलावर पडल्यावर तुम्हाला कशाने बरं वाटलं होतं.

जुनी_स्टाफ

अगं, हा प्रश्न तुला पडला यातच खूप आलं. मी बरीच वर्षं याच रूममध्ये काढलीत आणि माझं ठाम मत आहे की अर्धी प्रोसिजर नळी आत जायच्या आधीच पार पडते नाहीतर बिघडते.

घाबरू नका म्हणून काही होत नाही कारण त्यात माहितीच नाही. पेशंटच्या डोक्यात तीन प्रश्न असतात, माझा श्वास अडकेल का, सहन झालं नाही तर सांगू कसं, आणि हे संपणार कधी. त्याची उत्तरं त्याला टेबलावर घ्यायच्या आधी दे, तो खुर्चीत बसलेला असताना, तू पण त्याच्यासमोर बसून. आडवं झाल्यावर वरून कोणीतरी सांगितलेलं कानात शिरत नाही.

गॅस्ट्रोस्कोपीत, म्हणजे तोंडातून नळी घालून पोट बघतात त्यात, सगळ्यात मोठी भीती श्वासाची. घशात स्प्रे मारला की घसा बधिर होतो आणि पेशंटला वाटतं घसा सुजला, गिळता येत नाही, आता गुदमरणार. खरं तर गिळता येत असतं, गिळल्याचं जाणवत नाही एवढंच. हे स्प्रेच्या आधी सांगायचं, त्याने डोळे मोठे केल्यावर नाही. मग सांग की नळी अन्ननलिकेत जाते, श्वासाची वाट वेगळी आहे आणि ती मोकळीच राहते. मी स्प्रे मारून झाला की त्यांना नाकाने चार-पाच सावकाश श्वास घेऊन बघायला लावते, म्हणजे नुसता माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही, स्वतःलाच कळतं की श्वास चालू आहे.

लाळेचं मुद्दाम सांग. डाव्या कुशीवर झोपल्यावर लाळ गालावरून गळते आणि चांगली मोठी माणसं लाजेने ती गिळायचा प्रयत्न करतात, मग ठसका, मग उबळ. आधीच सांगायचं, लाळ येणारच आहे, गिळायची नाही, वाहू द्यायची, खाली टॉवेल ठेवलाय, लाळ ओढून घ्यायची सक्शनची नळी माझ्या हातात आहे. उबळ आली तरी आम्हाला त्याचं काही वाटत नाही हेही सांग. लाज गेली की निम्मं आखडणं जातं.

खुणेचं आधी ठरव. तोंडात ते प्लास्टिकचं कडं असतं, बोलता येत नाही, आणि बोलता येत नाही हेच माणसाला फार घाबरवतं. मोकळा हात वर केला की डॉक्टर थांबतील असं ठरवायचं आणि थांबतील म्हणजे काय तेही सांगायचं, नळी लगेच बाहेर येणार नाही पण हलवणं थांबेल, पोटातली हवा काढून घेतील, दोन श्वास घेऊ देतील. डॉक्टरांशी हे तुझं आधी बोलणं झालेलं हवं, कारण खूण केली आणि कोणी थांबलंच नाही तर त्या पेशंटचा सगळ्यांवरचाच विश्वास उडतो. माझा अनुभव असा की खूण ठरवली की बहुतेक जण ती वापरतच नाहीत, थांबवता येतं एवढं माहीत असणं पुरतं.

आणि रूममध्ये एकानेच बोलायचं, हे तर मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. चार जण चार बाजूंनी शांत व्हा म्हणाले तर कोण शांत होईल? एक आवाज, हळू, पेशंटच्या तोंडाजवळ वाकून, आता घशात दाब येईल, श्वास सोडा लांब, झालं, घसा पार झाला, आता पोटात हवा भरतायत, फुगल्यासारखं वाटेल, ढेकर आली तर येऊ दे. दोन मिनिटांचं काम असं म्हणूच नकोस. साधी तपासणी साधारण पाच ते दहा मिनिटांची असते, तपासायला आतला तुकडा घ्यायचा असेल तर जास्त. दोन मिनिटं सांगितली की तिसऱ्या मिनिटाला त्याला वाटतं काहीतरी बिनसलंय.

मिटलेले_डोळे

पेशंटच्या बाजूने लिहितो. मला बंद जागेची भीती आहे, लिफ्टसुद्धा टाळतो, आणि मानेचा एमआरआय करायची वेळ आली. पहिल्या ठिकाणी टेबल आत सरकायला लागल्यावर मी ओरडून बाहेर आलो, तिथल्या माणसाने सगळेच करतात हो असं म्हटलं, आणि ते वाक्य मला जास्त लागलं, कारण सगळे करतात आणि मला होत नाही म्हणजे माझ्यातच खोट आहे असं वाटलं.

दुसऱ्या सेंटरला ज्या टेक्निशियन ताई होत्या त्यांनी मला आधी मशीन रिकामं असताना दाखवलं, दोन्ही बाजूंनी उघडं आहे, आत दिवा आहे, हवा खेळती आहे. मला तोपर्यंत वाटत होतं पलीकडून बंद असतं! मग तो रबरी फुगा हातात दिला आणि म्हणाल्या आत्ताच दाबून बघा, मी दाबला, बाहेर बेल वाजली, त्या धावत येऊन म्हणाल्या बघा आले की नाही. नुसतं सांगण्यात आणि दाबून बघण्यात फार फरक आहे. डोळ्यांवर घडी घातलेलं कापड बाहेर असतानाच ठेवलं, आत गेल्यावर नाही, म्हणजे छत नाकाजवळ येताना मी पाहिलंच नाही. आणि प्रत्येक वेळी स्पीकरवरून सांगायच्या, आता चार मिनिटांचा, ठोकल्यासारखा आवाज येईल, आता दोन मिनिटांचा, हा घरघर करणारा, आता शेवटचा. मी पूर्ण अर्धा तास सहन करत नव्हतो, फक्त पुढची चार मिनिटं करत होतो, एवढं मला पुरेसं होतं.

आवाज कशाचा असतो हे पण त्यांनी सांगितलं, आत ज्या वायरींच्या गुंडाळ्या असतात त्यांच्यातला करंट भराभर बदलतो आणि चुंबकाच्या ओढीने त्या थरथरतात, तोच तो आवाज, काही मोडत नाही. तो शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो म्हणून कानात बोळे नाहीतर हेडफोन घालतातच. हे माहीत नसतं तर मी मशीन बिघडलं म्हणून फुगा दाबला असता.

अजून एक, काही मशीनचा बोगदा ६० सेंटीमीटर रुंद असतो आणि काहींचा ७०. दहा सेंटीमीटर ऐकायला कमी वाटतात पण झोपल्यावर कोपर टेकतं की नाही यात सगळा फरक पडतो. जिथे पर्याय आहे तिथे फार घाबरणाऱ्या पेशंटला हे सांगायला हवं, मला कोणी सांगितलंच नव्हतं. गुडघा नाहीतर घोटा असेल तर पाय आधी आत जातात आणि डोकं बहुतेक वेळा बाहेरच राहतं, तेही आधी कळलं तर माणूस आदल्या रात्री झोपेल तरी.

भूलवाला_डॉक्टर

वरचे दोन्ही प्रतिसाद अगदी पटले. मी भूलतज्ज्ञ आहे, थोडी भर घालतो.

शब्दांबद्दल खरंच अभ्यास झालेत. एल्व्हिरा लँग या रेडिऑलॉजिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोसिजर चालू असतानाचे व्हिडिओ बघून २००५ साली मांडलं की आता दुखेल, आता टोचेल, आता आग होईल अशी सूचना दिली की पेशंटला दुखतंही जास्त आणि चिंताही वाढते, सूचना न देण्यापेक्षा जास्त. २०१० च्या एका अभ्यासात बाळंतपणासाठी आलेल्या बायकांना पाठीत बधिर करायचं इंजेक्शन देताना काहींना सांगितलं मोठी मधमाशी चावल्यासारखं वाटेल, हा सगळ्यात त्रासाचा भाग आहे, आणि काहींना सांगितलं की आता ही जागा बधिर करतोय म्हणजे पुढे तुम्हाला आराम पडेल. सुई तीच, औषध तेच, पण मधमाशी ऐकलेल्या बायकांना जास्त दुखलं.

आता याचा अर्थ खोटं बोलायचं असा घेऊ नका, जुनी_स्टाफ म्हणतात तेच बरोबर आहे. काय जाणवेल ते सांगायचं, ते किती वाईट आहे हा निकाल आपण द्यायचा नाही. दाब येईल, गार लागेल, ताण पडेल, हे चालतं. खूप दुखेल पण सहन करा, हे नको. थोडंसंच दुखेल हेही नको, कारण थोडंसं कोणी ऐकत नाही, दुखेल एवढंच ऐकतात.

चक्कर येणाऱ्यांचं वेगळं आहे आणि हे नीट समजून घ्या. इतर कुठल्याही भीतीत नाडी आणि बीपी वाढतं, पण रक्त नि सुई बघून घाबरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं आधी थोडं वाढतं आणि मग एकदम खाली येतं, म्हणून ते कोसळतात. त्यांना अंग सैल सोडा म्हणाल तर बीपी आणखी घसरायला मदतच होईल. उलट सांगायचं, दोन्ही पाय, पोट आणि मोकळ्या हाताची मूठ घट्ट आवळा, दहा-पंधरा सेकंद, तोंडावर ऊब आल्यासारखं वाटेपर्यंत, मग नेहमीसारखे व्हा, एकदम ढिले नाही, वीस-तीस सेकंद थांबा, परत आवळा, असं पाच वेळा. ज्या हाताला सुई लावायची तो मात्र आवळायचा नाही. ही पद्धत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात बसवली. आणि ज्यांना आधी कधी चक्कर आलीय त्यांना बसवून सुई लावूच नका, झोपवून लावा. हे विचारायला पाच सेकंद लागतात, आधी कधी सुई टोचताना घेरी आली होती का, एवढंच.

दुसरी गोष्ट शेवटाची. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि डॉक्टर रेडेलमायर यांनी कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तपासणीच्या, पेशंटवर अभ्यास केला होता, त्यात दिसलं की नंतर आठवण राहते ती सगळ्यात जास्त त्रास झालेल्या क्षणाची आणि शेवटची, एकूण किती वेळ लागला त्याची फारशी नाही. मग २००३ च्या अभ्यासात काही पेशंटच्या बाबतीत तपासणी संपल्यावर नळीचं टोक थोडा वेळ न हलवता तसंच ठेवलं, म्हणजे तपासणी उलट लांबली, तरी त्यांना ती कमी त्रासाची म्हणून आठवली. आपण मुद्दाम लांबवायची गरज नाही, पण शेवट घाईत करायचा नाही, झटकन खेचून चला उठा म्हणायचं नाही. ज्यांना परत तपासणीला यायचंय त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण वाईट आठवण घेऊन गेलेला माणूस पुढची तपासणी टाळतो आणि मग आजार पुढे गेल्यावर येतो.

आणि एवढं सगळं करूनही काही जणांना जमणारच नाही, त्यांच्यासाठी गुंगीचं औषध आहे, भूल आहे. ते मागणं कमीपणाचं नाही हे पेशंटला आपणच सांगायला हवं. फक्त मॉनिटर, ऑक्सिजन आणि हे काम येणारा माणूस हजर हवा.

आडवाटेने

माझं मत थोडं वेगळं आहे. सगळं सांगा सगळं सांगा असा सूर दिसतोय पण माझ्या वडिलांना काहीही ऐकायचं नसतं. त्यांच्या बायोप्सीच्या वेळी तिथल्या सिस्टर फार प्रेमाने एकेक पायरी समजावत होत्या आणि बाबा प्रत्येक वाक्यागणिक पांढरे पडत होते. शेवटी मीच म्हटलं सिस्टर त्यांच्याशी दुसरं काहीतरी बोला. मग त्यांनी विचारलं तुम्ही काय काम करायचा, बाबा छपाईच्या धंद्यात होते, खिळे जुळवण्यापासून सांगायला लागले ते सुई कधी लागली कळलंच नाही. माहितीने प्रत्येकाची भीती कमी होते असं नाही.

भूलवाला_डॉक्टर

आडवाटेने, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, माझ्या लिहिण्यात ते राहून गेलं. मानसशास्त्रात सुझान मिलर यांचं यावर बरंच काम आहे, काही माणसांना येणाऱ्या संकटाची बारीकसारीक माहिती हवी असते आणि काहींना त्यापासून लक्ष दुसरीकडे न्यायचं असतं, आणि आपण उलटं वागलो तर दोघांनाही त्रास होतो. म्हणून आधी एकच प्रश्न विचारायचा, काय काय होतंय ते मी सांगत राहू की दुसरं काहीतरी बोलूया? उत्तर लगेच मिळतं. पण धोके समजावून संमती घेणं हे सगळ्यांच्या बाबतीत करावंच लागतं, आणि ते डॉक्टरांचं काम आहे, टेबलाजवळ उभं राहून उरकायचं नाही.

दोघांची_आई

लहान मुलांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, आमच्या धाकट्याला वरचेवर रक्त तपासायला न्यावं लागतं. मुलांना अजिबात दुखणार नाही असं कधीही सांगू नका, एकदा खोटं पडलं की पुढच्या वेळी गेटपासूनच रडारड. आणि दुसरं म्हणजे आडवं पाडून चौघांनी दाबून धरणं. आमच्या आताच्या सिस्टर त्याला माझ्या मांडीवर बसवतात, पोटाला पोट लावून, त्याचा एक हात माझ्या काखेतून मागे बाहेर, तो मला बिलगलेला आणि हात त्यांच्या ताब्यात. लशींबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये हेच सांगितलंय, मूल आईबापाच्या कुशीत असावं, अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजत पाजत टोचावं, आणि एकाच वेळी दोन-तीन टोचायच्या असतील तर सगळ्यात दुखणारी शेवटी.

जागा बधिर करायचं मलम मिळतं, लिडोकेन आणि प्रिलोकेनचं, पण ते साधारण तासभर आधी जाड थर देऊन वर चिकटपट्टी लावून ठेवावं लागतं, ऐन वेळी चोळून काही होत नाही, आणि डॉक्टरांना विचारूनच लावायचं. पालकांना हे आदल्या दिवशीच सांगितलं तर किती बरं होईल.

आणि नवखी_सिस्टर, आईबापांनाही काहीतरी काम द्या. काही नाही रे बाळा, काही नाही, असं आम्ही घाबऱ्या आवाजात सारखं म्हणत राहिलो की मुलाला कळतं काहीतरी आहे, हे अभ्यासातही दिसलंय म्हणे. त्याऐवजी साबणाचे फुगे फुंकायला लावा, फुंकर मारायला लावा, फुंकताना श्वास आपोआप लांब सुटतो आणि आमचंही तोंड गप्प राहतं.

नवखी_सिस्टर

सगळ्यांचे खूप खूप आभार, वही काढून लिहून घेतलंय. चक्करवाल्यांना मी कायम अंग सैल सोडा हेच ऐकत आलेय, ते उलटं आहे हे आज कळलं. अजून एक विचारते. एमआरआयला म्हातारी माणसं येतात, ऐकायला कमी येतं, त्यात कानाचं यंत्र आत नेता येत नाही म्हणून काढावं लागतं, चष्मा काढावा लागतो, म्हणजे आत गेल्यावर ना दिसतं ना माझा आवाज ऐकू येतो. अशांचं कसं करायचं?

जुनी_स्टाफ

यंत्र कानात असतानाच सगळं ठरवून घ्यायचं आणि मगच काढायचं, क्रम महत्त्वाचा. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, आवाज होईल, हलायचं नाही, हा फुगा दाबला की मी येते. वाचता येत नसेल तर खुणेने करून दाखव आणि त्यांच्याकडून करून घे. मग स्पर्शाची खूण ठरव, पायाला एकदा हात लावला म्हणजे सुरू होतंय, दोनदा लावला म्हणजे संपलं. एखाद्या नातेवाइकाला तेवढा वेळ पायाशी बसू देता येतं, त्यांची धातूची तपासणी पेशंटइतकीच कडक करायची, पेसमेकर, क्लिपा, खिशातलं सगळं, आणि त्यांच्याही कानात बोळे. आधी तुझ्या टेक्निशियनला विचार, तिथे त्याचा शब्द शेवटचा.

मिटलेले_डोळे

पायाला हात लावणं खरंच लागू पडतं, माझ्या वेळीही मध्ये एकदा ताईंनी आत येऊन पाय दाबला होता.

भूलवाला_डॉक्टर

अजून एक, कारण यात नेहमी गोंधळ होतो. मिडाझोलामसारखं गुंगीचं औषध दिलेलं असेल तर पेशंट नंतर छान बोलतो, मान डोलावतो, हो हो कळलं म्हणतो, आणि घरी गेल्यावर त्याला त्यातलं काहीही आठवत नाही, तो त्या औषधाचा गुणच आहे. त्यामुळे घसा बधिर आहे तोवर काही खायचं-प्यायचं नाही, चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, पोटात खूप दुखलं, रक्त पडलं, ताप आला तर लगेच कोणाला फोन करायचा, हे सगळं सोबतच्या माणसाला सांगा आणि लिहून त्याच्या हातात द्या. सोबत कोणीच नसेल तर हे औषध देण्याआधीच डॉक्टरांना कळवा.